ब्रेकवरचा पाय

आमचे काका ट्रकच्या पुढच्या शाफ्टच्या सांध्यांत ग्रीस भरायचे, जुनं काळं ग्रीस चारी बाजूंनी बाहेर येईपर्यंत. ग्रीस भरायचं निपल वरच्या अंगाला गेलेलं असलं, की गॅरेजच्या उतारावर उभा ट्रक वीतभर सरकवावा लागायचा, म्हणजे चाकांबरोबर शाफ्ट फिरून निपल खाली यायचं. मग काका खालून ओरडायचे, "सोड." केबिनमध्ये बसलेली काकू ब्रेक जरासा सैल करायची.

घरात दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. पण ट्रकखाली शिरायचं तर ब्रेकवर पाय काकूचाच हवा. दुसऱ्या कुणावर काकांचा काडीचा भरवसा नव्हता.

काकू वारल्यानंतर काका पहिल्यांदा ट्रकखाली शिरले. सवयीने म्हणाले, "सोड."

केबिन रिकामी होती, हँडब्रेक ओढलेला होता. ट्रक हलला नाही.

"कान फुटले का तुझे?" काका खेकसले.

गॅरेजमध्ये सगळ्यांचे हात थांबले. मग काका खालूनच हळू आवाजात म्हणाले, "राहू दे."