मालेगावला न उतरलेली बाई

घरच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीसाठी वाळूत बीळ करून राहणारा बोटाएवढा मासा मी पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अकोल्याहून एसटीनं वाशीमला आणत होतो. पातूरच्या पुढे सीटच्या पत्र्याला घासून पिशवीला भोक पडलं. शेजारच्या अनोळखी बाईनं ते लगेच चिमटीत दाबलं, पिशवी मांडीवर घेतली. साडी भिजली तरी हलली नाही.

वाशीमच्या अलीकडचं मालेगाव आलं. तिला तिथंच उतरायचं होतं. पिशवी घ्यायला मी हात पुढे केला.

"हात बदलला तं पानी जाईन ना भाऊ! मुका जीव हाय. चाला वाशीमले."

वाशीमला मी स्टँडच्या कँटीनमधून बरणी आणली, तेव्हाच तिनं चिमटी सोडली. बोटं पांढरीफटक पडली होती. बोटं चोळत ती मालेगावच्या परतीच्या गाडीत चढली.

आता मासा रोज सकाळी वाळूतून डोकं काढतो. पाहुण्यांना बायको सांगते, "ह्यांनी आणला."

मी फक्त तिकीट काढलं होतं.