भावजींच्या पोटातली वस्ती

कुंडलच्या अंबूबाईला हसू म्हणून आवरत नसे. एकदा मयताला गेली ती तोंडात पदर कोंबून परत आली होती. पन्नाशीची, अंगानं थोराड बाई. नवरा आकाराम फौजेतून पेन्शनीवर आलेला, अगदी कमी बोलणारा. दोघांचं छान जमायचं, कारण त्याच्या वाटचंही तीच बोलायची.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिचा धाकटा दीर बाळासो पाहुण्यांच्या गावाहून आला तो पोट धरूनच. उलट्या, जुलाब, दुपारपर्यंत डोळे खोल गेले. आकारामनं त्याला जीपमध्ये घालून सांगलीच्या दवाखान्यात नेलं. इकडे अंबूबाईनं त्याची घाण झालेली धोतरं उचलली आणि आळीच्या विहिरीच्या काठावर खसाखसा धुतली. चार दिवसांत आळीतली नऊ माणसं तशीच आडवी झाली. कोणी म्हणालं मरीआई कोपली, कोणी म्हणालं कलिंगडं बाधली.

आरोग्य खात्याचा माणूस आला. त्यानं आजाऱ्यांना औषधं दिली, विहिरीचं पाणी बाटलीत भरलं आणि दिराला बघायला सांगलीला निघालेल्या अंबूबाईच्याच हाती ती बाटली दिली. एस.टी.त शेजारणीनं विचारलं तर ही म्हणाली, विहीर घेऊन चाललेय. आणि पार सांगली येईपर्यंत स्वतःच्याच बोलण्याला हसत राहिली.

दवाखान्याच्या प्रयोगशाळेत धरणेंद्र नावाचा हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा कामाला होता. त्यानं बाटली ठेवून घेतली, पण अंबूबाई काही हलेना. एवढ्या लांबून आणलं, आत काय आहे ते बघू तरी द्या, म्हणाली. पाण्याचा निकाल दोन दिवसांनी कळेल, असं त्यानं सांगितलं. मात्र बाळासोच्या जुलाबाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली होता, तो बघायला दिला.

आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग उजेडाच्या गोल चकतीत बारीक वाकडे ठिपके दिसले. नुसते पळत होते, इकडून तिकडे, सुळसुळ.

"ही समदी भावजींच्या पोटातली?"

"एका थेंबातली. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे जंतू आहेत, मावशी."

अंबूबाईला हसू फुटलं. बाळासो असा चिक्कू, की पाहुणा दिसला तर मागच्या दारानं रानात जायचा. आणि त्याच्या पोटात एवढी वस्ती बिनभाड्यानं राहत होती. ती हसता हसता भिंतीला टेकली. धरणेंद्रही हसला. मग त्यानं सांगितलं, की हे जंतू आजाऱ्याच्या घाणीतून बाहेर पडतात, पाण्यातून, माशांच्या पायांवरून, न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या पोटात जातात.

अंबूबाईचं हसू थांबलं. "इहिरीवर धोतर धुतलं तर?"

"काठाला भेगा असतील तर ते पाणी झिरपून आत जातं."

भेगा होत्या. ती स्टुलावर बसली. "मग म्याच वाटलं की ह्ये आळीभर."

तो म्हणाला, आता तुम्हाला ठाऊक झालंय, ते आळीला सांगा. पाणी उकळून प्यायचं आणि विहिरीत जंतू मारायची पावडर टाकायची.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली आणि जमलेल्या बायकांना धोतरासकट सगळं सांगून मोकळी झाली. मनुबाईचा पोरगा त्या नवांतला. ती कमरेवरच्या कळशीसकट पुढं आली. मनुबाईनं विचारलं,

"आनि त्ये खरंच पळत व्हते? कसे, दाव बघू."

अंबूबाईनं लुगड्याचा ओचा खोचला, अंग वाकडं केलं आणि थोराड देहानिशी विहिरीभोवती सुळसुळ पळाली. मनुबाईनं कळशी खाली ठेवली आणि पोट धरून हसली. मग सगळ्याच.

विहिरीत पावडर पडली, काठ सिमेंटनं लिंपला, धुण्याचा दगड ओढ्याच्या खालच्या अंगाला गेला. नऊच्या नऊ माणसं उठली. बाळासो घरी आला तेव्हा जो तो त्याला पोटातल्या मंडळींची खुशाली विचारायचा. तो आठ दिवस वहिनीशी बोलला नाही.

पुढच्या वर्षी माधवनगरला लग्न होतं. तिथं अंबूबाई हातात लांब दांड्याचं ओगराळं घेऊन पाण्याच्या पिंपाशी उभी राहिली. जो पेला बुडवायला जाई त्याच्या बोटांवर ओगराळं बसे. नवरीच्या मामालाही बसलं. तो चिडून काही बोलणार, तोच ती म्हणाली,

"मामा, म्या एकाचं पोट आतनं बघितलंय. तुमचं बघायची हौस न्हाई."

मामा खदखदा हसला आणि त्यानं पेला पुढं केला.