नव्या बोर्डाची पितळी टोकं

सत्तरच्या दशकात हिंगण्याच्या एका कारखान्यात मी वायरमन होतो. आमच्या टेलिफोन बोर्डावर ज्या बाई बसत, त्या जन्मांध होत्या. जुन्या बोर्डावर फोन आला की त्या लाइनची झडप टक्कन पडायची. बाई बोटाने चाचपून नेमकी लाइन जोडत. या नोकरीआधी त्या वेताच्या खुर्च्या विणायच्या. बोटं सोलून निघायची, म्हणत.

मग नवा बोर्ड आला. झडपा गेल्या, नुसते दिवे. साहेब म्हणाले, सोमवारी बाईंना बसवून बघू, जमलं तर ठेवू. मी छाती ठोकून सांगितलं, सोय मी करतो. आठ दिवस खपून प्रत्येक दिव्याखाली पितळेचं बारीक टोक बसवलं. फोन आला की ते आतून वर यायचं. काम सुबक झालं होतं आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो.

बाई रोज डबा खाऊन माझ्या टेबलाशी यायच्या.

"भाऊ, मले एकदा हात लावू द्या ना."

"अर्धवट कामाले काहून हात लावता ताई? पुरं होऊ द्या."

त्या परत जायच्या. मला त्यांच्या घाईचा रागच यायचा.

सोमवारी साहेब शेजारी उभे राहिले. फोन आला, टोक वर आलं. बाईंचं बोट त्यावर टेकलं आणि टोक मुकाट खाली बसलं. स्प्रिंग मी फारच हलकी घेतली होती. आठ दिवस टोकं वर येताना मी डोळ्यांनी पाहत होतो. त्यांवर बोट एकदाही ठेवलं नव्हतं. बाईंनी सगळी रांग चाचपली, पुन्हा चाचपली. तिसऱ्या फोनला साहेब म्हणाले, "राहू द्या."

जाड स्प्रिंगा बसवायला मला जेमतेम तास लागला. बाईंना बोलावलं. त्यांनी रांगेवरून बोट फिरवलं, थांबल्या. "चार नंबर," म्हणाल्या. बरोबर होतं. मी साहेबांकडे धावलो, पण तोवर दुसरी ऑपरेटर ठरली होती.

बाई पुन्हा खुर्च्या विणायला गेल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

महिन्याभरात नव्या ऑपरेटरने तक्रार केली, टोकं बोटांना टोचतात. साहेबांनी ती काढायला सांगितली. मी पक्कड घेऊन बसलो आणि एकेक करून सगळी काढली.