चेटकिणीच्या हनुवटीवरचं गोंदण

सासूबाईंचं चित्र मी आयुष्यात एकदाच काढलं, आणि काढताना ते त्यांचं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर भट्ट्यांचे आणि पाइपांचे नकाशे काढायचे. (त्यात कल्पनाशक्ती चालवली की साहेब ओरडत.) अशात एका रशियन इंजिनिअरने मला परीकथांचं चित्रमय पुस्तक दाखवलं. उडणारे घोडे, काचेचे डोंगर, झाडांच्या खोडांतून डोकावणारी भुतं! अक्षर एक कळेना, पण मी पार वेडा झालो. सेक्टर सहाच्या गणेशोत्सवात आपणही अशी चित्रं लावायची, असा शब्द मंडळाला देऊन बसलो.

गोष्ट घरातच होती. माझी बायको सुशीला बाळंत झाली होती, आणि तिचं सगळं करायला सासूबाई भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आल्या होत्या. एकसारख्या क्वार्टरांच्या ओळी आणि चारी बाजूंना हिंदी, बंगाली, तेलुगू, त्यांना करमेना. मग संध्याकाळी पायरीवर बसून त्या मोडक्या हिंदीत पोरांना गोष्टी सांगू लागल्या आणि सगळ्या ओळीच्या नानी झाल्या. पोरांची लाडकी गोष्ट म्हणजे राजपुत्राची सावली चोरून मडक्यात कोंडणाऱ्या चेटकिणीची. ती सांगताना सासूबाई डोळे वटारत, नाक फेंदारत, बोटं वाकडी करत. मी मागे बसून भराभर रेखाटत असे. समोर दिसेल ते मापात उतरवायचं, ही नोकरीची सवय. नाक उतरलं, पडका दात उतरला, हनुवटीवरचे गोंदणाचे हिरवे ठिपकेसुद्धा उतरले!

शपथेवर सांगतो, मला त्यात सासूबाई दिसल्या नाहीत. चेटकीण झकास जमली, एवढंच दिसलं. सुशीला बाळंतिणीच्या खोलीत, त्यामुळे वेळीच अडवणारंही कुणी नव्हतं.

जावयाने आपली गोष्ट रंगवली, हे सासूबाईंनी घरोघर सांगून ठेवलं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून, ओळीतल्या सगळ्या बायका गोळा करून त्या मांडवात आल्या. मी हौसेने चित्रावरची चादर ओढली. प्लायवूडवर पुरुषभर उंचीची चेटकीण, बाजूला गादीवर राजपुत्र! बायका एकदम गप्प. कलेपुढे माणूस असाच गप्प होतो, असं मला वाटलं. तेवढ्यात शेजारच्या बंगाल्यांची चिमुरडी म्हणाली,

"नानी, ये तो आप हो."

सासूबाईंचा हात आपसूक हनुवटीकडे गेला. मग त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि एकट्याच घरी निघाल्या. भिलाईत तेव्हा जिकडेतिकडे खड्डे खणलेले होते, पण मला गडप व्हायला नेमका मांडवाजवळ एकही नव्हता.

त्यांनी मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं. पण जावयाला बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. रात्री मुकाट्याने ताट वाढलं, वर नेहमीपेक्षा जास्त तूप. सुशीलेला मात्र असली कुठली रीत लागू नव्हती.

"माह्या मायचंच तोंड सापडलं तुमाले? उद्याच्या गाडीनं गावाले जातो म्हणून राहिली ते. लेकराले कोन पाहीन आता, तुमची चेटकीन?"

पहाटे रंगाचे डबे घेऊन मांडवाकडे धावलो. गोंदण पुसलं, दात बसवला, नाक आखूड केलं आणि ओळख पटू नये म्हणून वर चष्मा चढवला. मागे सरून पाहतो तर चित्रात मंडळाच्या अध्यक्षांची आई! (चष्म्याचा तडा गेलेला कोपरासुद्धा अचूक.) घाबरून चष्मा पुसला, दात पाडला, नाक लांबवलं, हात आपोआप चालत राहिला, आणि उजाडलं तेव्हा फळ्यावर पुन्हा सासूबाई होत्या.

मागे वळलो तर तिथेही सासूबाईच! हातात गाठोडं, जाण्याआधी गणपतीच्या पाया पडायला आल्या होत्या. मी ब्रशासकट त्यांचे पाय धरले. त्यांच्या लुगड्याला रंग लागला, तो आणखी एक अपराध. पण आरतीला आलेल्या पोरांनी त्यांना गराडा घातला. खरी चेटकीण आपल्याच ओळीत राहते म्हणून ती पोरं हरखून गेली होती, आणि गोष्ट आत्ताच्या आत्ता, चित्राखालीच हवी म्हणत होती. सासूबाईंनी जरा आढेवेढे घेतले आणि बसल्या. अशी गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नसेल. शेवटी तर अध्यक्षांच्या आईनेही टाळ्या वाजवल्या.

मग त्या उठल्या, गाठोडं घरी न्यायला माझ्या हातात दिलं आणि चित्राकडे बोट दाखवलं.

"जवाईबापू, चेटकीन तं मीच हाव, दिसून राहिलं. पन राजपुत्राच्या गादीवर हा घोडेवाला कावून बसवला?"

त्या राजपुत्रासाठी मी आठवडाभर दाढीच्या आरशासमोर मान तिरकी करून उभा राहिलो होतो. "चुकून बसला," मी म्हणालो, आणि त्याला उठवायला पुन्हा ब्रश उचलला.