शेजारी ठेवलेलं बियाणं

आमच्या मुरबाडकडच्या घरी भाताचं थोडं बियाणं शेजाऱ्याकडे ठेवायची रीत होती. आपलं घर जळलं तरी पेरणी चुकू नये. त्याच हिशेबाने बहिणीच्या लग्नाचे फोटो मी ऑफिसच्या सामायिक रिपॉझिटरीत, म्हणजे प्रोग्रॅम साठवायच्या कोठारात, सगळ्यांच्या कोडशेजारी टाकले. सकाळी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर नव्या कोडबरोबर बहिणीची हळदही उतरली. साहेब भडकले. मी लगेच फोटो पुसले, कारण तिथे पुसलेलंही जुन्या आवृत्तीत राहतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

परतीच्या पावसात वीज पडून घरचा कॉम्प्युटर गेला, तेव्हा फोटो तिथूनच परत काढले. आई म्हणाली, "बियाणं सांभाळलं त्याला नव्या भाताचे पोहे द्यायला नको, रे?"

डबा साहेबांसमोर ठेवला आणि फोटो कुठून परत मिळाले ते सांगितलं. पोहे संपवून त्यांनी ड्रॉवरमधून मुलीच्या बारशाची सीडी काढली आणि माझ्यापुढे सरकवली.