चिक्कम्मा अक्कांचा बन्नूर एडका

"डॉक्टर, स्वल्प थांबा. महिनाभरात भरेल तो," चिक्कम्मा अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या. एडक्याच्या, म्हणजे नर मेंढ्याच्या, मानेत हात घालून त्या उभ्या होत्या. मी टेपनं त्याच्या मांडीचा घेर मोजत होतो.

बंगळूरजवळच्या होसकोटेपलीकडे त्यांचा गोठा. माहेर मंड्याकडचं. लग्नात वडिलांनी बन्नूर मेंढ्या दिल्या होत्या. त्या वंशातला हा एकटाच उरला होता. बाकीचा कळप संकरित.

बन्नूर मेंढी ठेंगणी असते. पाय आखूड, पाठ रुंद, पांढऱ्या अंगावर तांबूस डाग. मागून पाहिलं की मांड्यांचा आकार उलट्या यू अक्षरासारखा दिसतो. मटण चविष्ट म्हणून शहरात मोठी मागणी. पण मोठ्या जातींशी संकर होत गेला आणि शुद्ध जनावरं फार थोडी राहिली. आमच्या पैदास फार्मवरचे एडके सगळे एकमेकांचे भाऊबंद. नात्यातच पैदास चालली की पिल्लं कमजोर निघतात. मी पशुवैद्य, बाहेरचा शुद्ध एडका शोधणं माझं काम.

हा एडका जंतांमुळे वाळला होता. मांड्या उतरलेल्या, पाठ खोलगट. निवडीच्या तक्त्यात मार्क कमी पडले. मी ऑफिसात आमच्या वरिष्ठ मॅडमना फोन लावला.

"डॉ. राव, निवडलेल्या एडक्यांची यादी शुक्रवारी जायचीय," मॅडम म्हणाल्या. "पण पुन्हा बघायचा असेल तर एक जागा रिकामी ठेवते. तुम्हीच सांगा."

पुन्हा यायचं म्हणजे माझ्या घरापासून, बंगळूरच्या जे. पी. नगरहून, होसकोटेपर्यंतचा ट्रॅफिक. "नको मॅडम," मी म्हणालो. "हा जातीचा वाटत नाही."

अक्कांनी ते ऐकलं. मी एडक्याला जंतांचं औषध पाजलं, नियमाप्रमाणे रक्ताचा नमुना घेतला आणि निघालो.

दीड महिन्यानं डीएनए रिपोर्ट आला. एडका शुद्ध बन्नूर. आमच्या एकाही एडक्याशी त्याचं जवळचं नातं नाही. मी उभ्या उभ्याच फोन लावला.

"अक्का, एडका आहे ना?"

"नाही. खाटकाला दिला. तुम्हीच म्हणालात ना, जातीचा नाही म्हणून?"

"त्याची पिल्लं?"

"आहेत दोन. पण आया संकरित. तुमच्या कामाची नाहीत." मग त्यांनी विचारलं, "का? शुद्ध निघाला का तो?"

"हो."

"औषधानं चांगला भरला होता हो. तुम्ही थांबा म्हणाला असतात तर मी थांबले असते."

मी माफी मागितली. "सरी, डॉक्टर," म्हणजे बरं, एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मॅडमना सगळं लेखी कळवलं. आता वाळलेलं जनावर आम्ही महिन्यानं पुन्हा बघतो. रिपोर्ट येईपर्यंत मालकाला नाही म्हणत नाही. नियम चांगला आहे. त्यानंतर कितीतरी एडके पुन्हा जाऊन पाहिले. रिपोर्टात दर वेळी संकरच निघाला.