फौजदाराची टाकी

मुलीला मागणी घालायला आलेल्या माणसाला लोक निदान बसा म्हणतात. चहा येतो, बिस्किटं येतात, पगार विचारला जातो. जावयाच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून आणि केस पाण्याने चापून तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचला, तेव्हा वरून एक नम्र आवाज आला, "अहो, जरा हे टोक धरता का?"

त्याने धरलं, आणि तिथेच फसला. ते टोक एका सहा फुटी काचेच्या टाकीचं होतं. टाकीचं वजन एका हत्तीएवढं होतं असं तो सुरुवातीला सांगत असे. पुढे दर वर्षी तो हत्ती वाढत गेला आणि अलीकडे तर ती गाभण हत्तीण झाली आहे. बरोबर दोन हमाल होते. त्यांतला एक पायरीवर बसून, आपण बापाचं ऐकून शाळा का शिकलो नाही याचा विचार करत होता. टाकीच्या पलीकडे, जाड काचेतून माशासारखा दिसणारा, एक किरकोळ म्हातारा होता. जावयाला वाटलं, हा हमालांतला सर्वांत ज्येष्ठ असावा. दोन मजल्यांना पाऊण तास लागला. त्या अवधीत जावयाचा अंगठा निळा पडला, शर्ट काखेत उसवला आणि त्याला म्हाताऱ्याची कणव आली.

"या वयात कशाला ही कामं करता काका? मुलंबाळं बघत नाहीत का?"

"एक मुलगी आहे," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "तिला बघायला आज कोणीतरी येणार होता. अजून पत्ता नाही. बेजबाबदार दिसतोय."

जावयाचा धंदा लिफ्ट दुरुस्त करण्याचा. ज्या इमारतीत लिफ्ट नाही त्याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आपलं लग्न जमावं, हा नशिबाचा विनोद त्याने निमूटपणे गिळला.

सासरे दातांच्या कवळ्या करत. मागच्या खोलीत फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले. नवखा माणूस आत गेला की साठ-सत्तर जण एकदम आपल्याला हसताहेत असं त्याला वाटे. चाळीस वर्षं त्यांनी गावाला चावायला आणि हसायला दात पुरवले, पण स्वतःचे दात त्यांनी कोणाला दाखवले नाहीत, ना हसून ना चिडून. गिऱ्हाईक भांडायला आलं तरी ते कवळी कानशीने घासत "हं, हं" करत बसायचे. मग भांडायला आलेला माणूसच वरमून, "बरी बसतेय तशी," म्हणून निघून जायचा.

घरातलं रागवायचं खातं सासूबाईंकडे होतं. अख्खी इमारत त्यांना फौजदार म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. जिन्यात खेळणारी पोरं, गळका नळ, दूधवाला, सगळ्यांचा बंदोबस्त त्या करत. सासरे कामात रंगले आणि जेवायला उशीर झाला, की त्या हाक मारत नसत, ओट्यावर भांडं आपटत. पहिल्या भांड्याला सासरे कानस खाली ठेवत, दुसऱ्याला हात धूत. तिसरं भांडं संसारात एकदाच आपटलं गेलं होतं, आणि त्या भांड्याला पडलेला पोचा सासरे पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

जावई पहिल्यांदा त्या घरात शिरला त्याच्या सहाच महिने आधी सासूबाई गेल्या होत्या. घर नीटनेटकं होतं. घड्याळ चालू होतं. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि सासरे जेवले नव्हते, कारण कोणी भांडं आपटलं नव्हतं.

"टाकीत काय ठेवणार?" जावयाने विचारलं. त्याला वाटलं, लाल-सोनेरी छोटे मासे, शिंपले, एखादा बुडबुडे सोडणारा बाहुला.

"चावरे," सासरे म्हणाले. "समुद्रातले. रागीट जातीचे."

पुढचे सहा आठवडे जावई लग्नाच्या बोलणीसाठी म्हणून येई आणि बादल्या उचलून जाई. चौकट पातळीत बसवण्यासाठी त्याने आपल्या कामावरची, बुडबुडा बघून सपाटी दाखवणारी पट्टी आणली. एका बाजूला केसभर उतार निघाला तर सासऱ्यांनी कवळीच्या मापाने पत्र्याच्या पट्ट्या कापून खाली सरकवल्या. पिंपात पाणी घेऊन समुद्राचं मीठ कालवायचं, ते रात्रभर घुसळत ठेवायचं, तरंगत्या काट्याने खारेपणा मोजायचा. दगड रचायचे ते थेट तळाच्या काचेवर, मग वाळू. उलटं केलं आणि माशाने वाळू उकरली तर दगड कोसळून काच फुटते. हे सगळं सासरे हळू आवाजात समजावत. पाणी उडून कमी झालं की काय करायचं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण त्या वेळी मुलगी दारात टॉवेल घेऊन उभी होती.

पाणी भरलं, दिवे लागले, आणि सासऱ्यांनी त्यात एक सोललेली कोळंबी सडायला टाकली. पाणी पिकायला हवं म्हणाले. घाण खाणारे सूक्ष्म जीव आधी वस्तीला यायला हवेत, मासे नंतर. महिनाभर ते खुर्ची ओढून त्या रिकाम्या टाकीसमोर बसत. शेजारी डोकावून विचारत, "दिसला का काही?" सासरे गंभीरपणे म्हणत, "नाही अजून." मुलगी एकदा जावयाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना रे?" जावई म्हणाला, माणूस लिफ्टची वाट बघतो तेव्हाही असाच दिसतो.

पहिली आली ती वाम. सापासारखी, हातभर लांब, कायम तोंड वासलेली. तिच्यासाठी दगडांत ठेवलेल्या नळीत ती शिरली ती शिरलीच. मवाळ आधी आणि तापट शेवटी, हा सासऱ्यांचा नियम होता. आधी तापट सोडला तर सगळी टाकी त्याची होते, मग तो दुसऱ्याला उभा राहू देत नाही.

"म्हणजे या घरात शेवटी आलेला मी तापट," जावई म्हणाला.

"तू वाम आहेस," मुलगी म्हणाली.

तापट आला तो लग्नानंतर पंधरा दिवसांनी. तळहाताएवढा, निळसर करडा, गालावर पिवळी रेघ, आणि तोंडात खरेखुरे दात. सासऱ्यांनी भिंग लावून ते दात पाहिले. "बसवणी बघा," ते जावयाला म्हणाले. "असा चावा मला चाळीस वर्षांत साधला नाही." त्या माशाने पहिल्या दिवशी वामीला नळीत कोंडलं, दुसऱ्या दिवशी हीटरची वायर चावली आणि तिसऱ्या दिवशी सासऱ्यांचं बोट फोडलं. बोटाला पट्टी बांधून सासरे दिवसभर खुशीत होते.

आठवड्याने कळलं ते असं. दुपारचा एक वाजून गेला आणि टाकीतून ठक् असा आवाज आला. माशाने तोंडात दगड धरून काचेवर आपटला होता. त्याची खायची वेळ झाली होती. थोड्या वेळाने पुन्हा ठक्. मागच्या खोलीत सासऱ्यांनी कानस खाली ठेवली. बाहेर येऊन चिमट्याने त्याला कोळंबी दिली, ती गिळून त्याने तिसऱ्यांदाही दगड आपटलाच, तेव्हा सासऱ्यांनी हात धुतले आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.

त्या दिवसापासून त्याचं नाव फौजदार पडलं. ते कोणी ठेवलं, हे घरात कोणी विचारलं नाही.

दोन वर्षं सासरे वेळेवर जेवले. मग छातीत दुखायला लागलं, आणि ऑपरेशन ठरलं. बायको इस्पितळात बापाजवळ राहिली आणि टाकीची देखभाल जावयाकडे आली. सासऱ्यांनी कोळंबी किती, दिवे केव्हा, वामीला काय, असं सगळं लिहून दिलं. रोज उडणाऱ्या पाण्याबद्दल लिहिलं नाही. ते कोणी विसरेल असं त्यांना वाटलंच नसावं.

जावई लिफ्टवाला. लिफ्टमधलं तेल कमी झालं की तेच तेल, त्याच जातीचं घालायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जायचं. तो रोज दुपारी कोळंबीच्या वेळेला कामावरून निघून चार मजले चढून येई, पिंपात मीठ कालवी आणि ते पाणी टाकीत घाली. समुद्रातल्या जीवाला कमी पडायला नको, म्हणून वर एक मूठ जास्त.

दहाव्या दिवसानंतर फौजदाराने दगड आपटायचं सोडलं. कोळंबी समोर धरली तर तो नुसता बघत राही. जावयाला वाटलं, सासऱ्यांची आठवण येत असेल. त्याने मुठीच्या दोन मुठी केल्या.

संध्याकाळी इस्पितळात सासरे नळ्यांच्या जंजाळातून एकच विचारत, "आज आपटला का?"

"दोनदा," जावई सांगे.

सासरे डोळे मिटत. नर्स म्हणायची, आजोबा ही भेट झाल्यावरच जेवतात.

तेविसाव्या दिवशी ते घरी आले. चार मजले चढायला त्यांना टाकीपेक्षा जास्त वेळ लागला. प्रत्येक वळणावर जावयाने त्यांना खुर्चीत बसवलं आणि प्रत्येक वळणावर आपल्या धंद्याला शिव्या घातल्या. वर फौजदार दगडाला टेकून आडवा पडला होता. कल्ले भराभर हलत होते.

सासऱ्यांनी काटा पाण्यात सोडला. तो जिथे कधी गेला नव्हता तिथे जाऊन थांबला. त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"रोज काय घालत होता?"

"मीठ कालवलेलं पाणी. तुम्ही कालवायचात तसंच." जावई थांबला. "थोडं जास्तच."

"पाणी उडतं," सासरे म्हणाले. "मीठ उडत नाही. ते मागे राहतं. वरून साधं पाणीच घालायचं. मी सांगितलं होतं तुम्हाला, पण तेव्हा तुम्ही पोरीकडे बघत होता."

त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडेना. कवळी घासताना गिऱ्हाइकाशी बोलायचे तोच आवाज. जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. दहाव्या दिवसानंतर दगड एकदाही आपटला नव्हता, आपण रोज खोटं सांगत होतो, हेही त्याने सांगून टाकलं.

"माहीत होतं," सासरे म्हणाले. "तो कधी दोनवर थांबत नाही."

"बाबा, रागवा ना मला. दोन शब्द तरी बोला."

सासऱ्यांनी खरोखर प्रयत्न केला. कपाळाला आठी घातली, तोंड उघडलं. मग ते तोंड तसंच मिटलं.

"मला येत नाही हो," ते म्हणाले. "ते ती बघायची."

तीन दिवस त्यांनी थोडं थोडं खारं पाणी काढलं आणि थोडं थोडं साधं घातलं. एकदम घातलं तर धक्का बसतो. टाके ओढले जात होते, म्हणून बादली जावई धरी आणि सासरे खुर्चीतून बोटाने किती ते दाखवत. तिसऱ्या दिवशी फौजदार उठून टाकीच्या कडेपर्यंत पोहला. चौथ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तो गेला. वामीला काहीच झालं नव्हतं. ती नळीतून तोंड वासून बघत होती. तिला दुकानदार परत घेऊन गेला.

मग लेकीने बापाला आपल्या घरी आणलं. प्लॅस्टरचे जबडेही आले, टाकीही आली. सासरे नातवाला खेळवत, भाज्या निवडून देत, आणि कोणी ताट पुढे ठेवलं तर जेवत, नाही तर बसून राहत. एकदा बायकोने जावयाला खूण केली आणि ओट्यावर पातेलं जोरात आपटलं. सासरे दचकून उठले, घाईने आत आले.

"हात भाजला का गं?" सासऱ्यांनी विचारलं.

बायकोने पुन्हा कधी भांडं आपटलं नाही.

त्यानंतर सासरे नऊ वर्षं जगले. टाकी अजून जावयाच्या घरात आहे. तिच्यात कांदे-बटाटे ठेवतात.